हिरवं बटण

ऑफिसात तिला सगळे पिक्सेल म्हणायचे. पडद्यावरचं एखादं अक्षर केसभर जरी डावीकडे सरकलं तरी तिला जेवण गोड लागत नसे, म्हणून हे नाव पडलं. एका बटणाच्या गोलाईवरून तिनं एकदा दोन प्रोग्रॅमर आणि एक साहेब यांच्याशी सलग तीन दिवस भांडण केलं होतं, आणि ते जिंकलंही होतं. असल्या माणसाची नोकरी गेली की पगाराच्याही आधी जातो तो तोरा. पिक्सेलचा तोरा चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी, पावणेअकराच्या सुमाराला गेला.

साहेब काही दुष्ट नव्हता. "तुझ्या कामात खोट नाही गं," तो म्हणाला, "पण आता गिऱ्हाईकच विचारतं, मशीनला सांगितलं की दहा मिनिटांत साइट उभी राहते, मग तुमच्या बाईंना तीन आठवडे कशाला लागतात?" वय बेचाळीस, त्यातली सतरा वर्षं वेबसाइटी सजवण्यात गेलेली. तिनं टेबलावरचा कप आणि छोटी कुंडी पिशवीत घातली आणि सहा मजले जिन्यानं उतरली, कारण लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं तर कुंडीबद्दल विचारलं असतं.

नवऱ्याला तिनं त्याच दिवशी सांगितलं. तो गणिताचा मास्तर, बोलण्यात काटकसर करणारा. "होईल काहीतरी," एवढंच म्हणाला आणि भांडी घासायला उठला. आईला मात्र सांगितलं नाही. त्याला कारण होतं.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. बाहेरगावचे फोन हातानं जोडून द्यायचे त्या काळातली. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जंगल. लाइन लागली की म्हणायचं, "जोडलंय. बोला," आणि ताबडतोब बाजूला व्हायचं. एक्स्चेंजचा नियमच होता: लाइनीवर ऐकलेलं लाइनीवरच ठेवायचं. मग एक दिवस सगळं आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि एक्स्चेंजमधल्या एकेचाळीस बायकांना फायली लावायला तळघरात पाठवलं. आई आठवडाभर घरी येऊन रडायची. तेव्हा सोळा वर्षांची पिक्सेल पुस्तकातून मान वर काढून म्हणाली होती, "मशीननं काम घेतलं तर काहीतरी नवीन शिका ना. रडत काय बसायचं त्यात!"

आई त्या दिवशी रडायची थांबली. निदान पिक्सेलसमोर तरी पुन्हा रडली नाही. आपण आईला शहाणं केलं या समाधानात पिक्सेलची बरीच वर्षं गेली. आता ते वाक्य तिला दिवसातून चारदा आठवायचं आणि प्रत्येक वेळी कानाच्या पाळ्या तापायच्या.

तर रोज सकाळी लॅपटॉप घेऊन ती वाचनालयात जाऊन बसायची आणि आईचा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे गं" म्हणायची. वाचनालयात हळू आवाजात बोलावं लागतं, त्यामुळे ते खरंही वाटायचं. तिथं बसून ती अर्ज पाठवायची. डिझायनर हवेत अशा जागा कमी, आणि ज्या होत्या तिथं पंचविशीतली पोरं हवी होती. मग तिनं मोर्चा वळवला. एका मोठ्या इस्पितळाला असं माणूस हवं होतं जे रुग्णांशेजारी बसेल, त्यांना साइट वापरता येते की नाही ते बघेल आणि कुठं अडखळतात ते टिपून घेईल. सजवायचं काम दुसऱ्याचं, हिनं फक्त बघायचं. पिक्सेल त्यासाठी तीन महिने शिकवणी लावून नवीन विद्या शिकली. मधेच सगळं सोडून घरी जाऊन झोपावंसं वाटायचं.

अशा वेळी ती एक पत्र वाचायची. सात वर्षांपूर्वी तिनं एका श्रवण केंद्राची साइट केली होती. कमी ऐकू येणाऱ्या लोकांचं केंद्र, बहुतेक सगळे म्हातारे. तिनं अक्षरं मोठी ठेवली, रंग मोजके ठेवले आणि मोबाइलवर खाली एक हिरवं, ऐसपैस बटण दिलं: फोन करा. वर्षभरानं केंद्राचं पत्र आलं. वेळ घेऊन न येणाऱ्या रुग्णांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं, लोकांचा गोंधळ थांबला, तुमच्या साइटचे आभार. त्या पत्राच्या जोरावर साइटला बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रक आईनं चौकटीत बसवून फोनच्या वर भिंतीला लावलं. मूळ पत्र पिक्सेलजवळ होतं, घड्या पडून मऊ झालेलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो होतो, हे त्यात लिहिलेलं होतं आणि खाली सही होती.

इस्पितळातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तुमचं एक काम निवडा आणि ते नीट समजावून सांगा, असं त्यांनी कळवलं होतं. कुठलं निवडायचं यावर विचार करायची गरजच नव्हती. सोमवारी वाचनालयात तिनं ती साइट बऱ्याच वर्षांनी मोबाइलवर उघडली. अजून तशीच होती, देखणी. हिरवं बटण जुन्या मित्रासारखं खाली बसलं होतं. चालतंय का बघू, म्हणून तिनं दाबलं.

पडद्यावर नाव आलं: आई.

आपलं बोट चुकून दुसरीकडे पडलं असं तिला वाटलं. तेवढ्यात पलीकडून फोन उचलला गेला. "नमस्कार. बोला, मी ऐकतेय." आवाज आईचा होता, पण घरातला नव्हता. तो पिक्सेलनं लहानपणी एक्स्चेंजच्या खोलीत ऐकलेला आवाज होता, सावकाश, खालच्या पट्टीतला. "श्रवण केंद्राचा नंबर हवाय का? घ्या लिहून. घाई नाही."

पिक्सेलनं फोन कापला.

जिन्यात जाऊन ती पायरीवर बसली, आणि सगळं आपोआप आठवत गेलं. साइटचा कच्चा आराखडा करताना केंद्राचा नंबर हाताशी नव्हता. अशा वेळी तिच्या धंद्यात काहीबाही भरून ठेवतात, अर्थहीन मजकूर, खोटी नावं, आणि खरा तपशील आला की बदलतात. पिक्सेल अशा जागी नेहमी आईच्या घरचा नंबर टाकायची, कारण विचार न करता बोटं तोच टाइप करायची. खरा नंबर आल्यावर तिनं वरच्या पट्टीत बदलला, संपर्काच्या पानावर बदलला. बटणामागचा राहिला. तपासणी केली नव्हती का? केली होती ना. ऑफिसच्या तपासणीच्या मोबाइलवरून दाबून बघितलं होतं. त्या मोबाइलमध्ये कुणाचीच नावं नव्हती, आणि नुसत्या आकड्यांकडे तिनं बघितलं नाही. घंटी वाजली तशी तिनं समाधानानं कापलं. बटणानं फोन लागतो हे तिनं तपासलं होतं, कुणाला लागतो ते नाही. कडेच्या गोलाईवर तीन दिवस भांडणारी बाई!

मंगळवारी अकरा वाजता ती आईकडे गेली. एरवी ती रविवारी जायची. रविवारी केंद्र बंद असतं, म्हणून सात वर्षांत तिला एकदाही काही कळलं नव्हतं.

"आज ऑफिस नाही?" दार उघडत आईनं विचारलं.

"सुट्टी घेतली."

"बरं केलंस. बस, चहा टाकते."

चहा उकळायच्या आत फोन वाजला. आई गॅस बारीक करून आली, खुर्चीवर ताठ बसली, पदर सारखा केला आणि मग रिसीव्हर उचलला. पलीकडचा म्हातारा एवढा ओरडत होता की पिक्सेलला सोफ्यावर ऐकू येत होतं. त्याच्या कानातलं यंत्र शिट्टी मारत होतं. आई ओरडली नाही. एकेक शब्द हातात ठेवावा तसा ठेवत गेली. यंत्र काढा. पुसा. पुन्हा बसवा. आता शिट्टी येते? नाही ना? मग केंद्रात फोन करून उद्या दहाची वेळ घ्या आणि जा, मागच्या दारानं, तिथं पायऱ्या नाहीत. मग तिनं केंद्राचा नंबर सांगितला, दोन-दोन आकडे करून, मधे श्वासभर थांबून. म्हाताऱ्यानं तो परत म्हणून दाखवला. आईनं शेजारच्या वहीत काहीतरी लिहिलं.

"ओरडलं की शब्द फाटतात," रिसीव्हर ठेवत ती म्हणाली, जणू पिक्सेलनं तेच विचारलं होतं. "सगळ्यांना वाटतं बहिऱ्याशी ओरडून बोलावं."

"वहीत काय लिहिलंस?"

"त्याची वेळ. उद्या सकाळी आठवण करून देईन. विसरतात गं बिचारे. एकदा वेळ चुकली की लाजेनं पुन्हा जातच नाहीत."

पिक्सेलला ते पत्र आठवलं. एक तृतीयांश. तिच्या मोठ्या अक्षरांनी नाही, मोजक्या रंगांनी नाही. चार महिने जे पत्र उराशी धरून ती सकाळी अंथरुणातून उठत होती, ते मुळात तिला आलेलंच नव्हतं. पत्ता चुकला होता, आणि तोही तिनंच चुकवला होता. जमिनीनं पोटात घ्यावं असं माणसं सहज म्हणतात. पिक्सेलनं खरोखर खाली बघितलं. आईनं लादी स्वच्छ पुसलेली होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"पहिलं वर्षभर सांगणार होते. वाटलं, तुझा साहेब झापेल. मग ते बक्षीस आलं." आईनं भिंतीवरच्या चौकटीकडे बघितलं. "तू इतकी खूश होतीस. म्हटलं, राहू दे. तसाही फोन रिकामाच असायचा."

"म्हणजे माझी चूक आहे हे तुला माहीत होतं."

"नंबर माझा, साइट तुझी. तिसरं कोण असणार?" आई चहा गाळायला आत गेली आणि तिथूनच म्हणाली, "काल सव्वाअकराला एक फोन आला होता. कुणी बोललं नाही. श्वास मात्र ओळखीचा वाटला."

कप समोर आला. आई बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आणि ऑफिसातून एका बाईंचा आला होता, तीन-साडेतीन महिने झाले. तुझं ओळखपत्र परत द्यायचं राहिलंय म्हणत होत्या. तुझ्या कागदांवर घरचा नंबर म्हणून हाच आहे ना. मी म्हटलं, निरोप देते."

"मग दिला का नाहीस?"

"दिला असता तर मला कळलंय हे तुला कळलं असतं. तू सांगशील तेव्हा सांगशील. लाइनीवर ऐकलेलं मी काय तुला उलट ऐकवू?"

एवढे महिने वाचनालयात हळू आवाजात मारलेल्या थापा पिक्सेलला एकेक करून आठवल्या. रांगेनं उभ्या राहिल्या त्या. मीटिंग आहे. साहेब सोडत नाही. या आठवड्यात फार काम आहे गं. आई प्रत्येक वेळी म्हणायची, "बरं, जपून." तिला रडू फुटलं, आणि रडता रडता ती सव्वीस वर्षांपूर्वीच्या वाक्याची माफी मागू लागली. ते नीट जमलंही नाही, नाकातून पाणी येत होतं.

"अगं, बरोबरच तर म्हणाली होतीस," आई म्हणाली. "नवीन शिकायलाच हवं होतं. फक्त दार लावून म्हणायचं होतंस. शेजारीण ऐकत होती."

चहा प्यायल्यावर आई कामाचं बोलली. "तो नंबर आजच बदलून टाक. चूक कळल्यावर ठेवायची नसते."

इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण माणूस रडून मोकळा झाला म्हणजे सरळ होतोच असं नाही. नंबर बदलायला आधी केंद्राला कळवायला हवं. कळवलं की कारण सांगायला हवं. कारण सांगितलं की त्या पत्राला काही अर्थ उरला नाही, आणि गुरुवारच्या मुलाखतीत दाखवायला पिक्सेलकडे त्या पत्राशिवाय होतं काय? "मुलाखत होऊ दे, मग बदलते," ती म्हणाली. "दोन दिवसांनी काय होतंय?"

आईनं तिच्याकडे बघितलं. मुलीकडे बघावं तसं नाही, नवीन आलेल्या ऑपरेटरकडे वरिष्ठ बाई बघते तसं. कपबशा उचलून आत गेली.

गुरुवारी इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर तिघंजण समोर बसले होते. एक हिशेबवाले, एक तंत्रज्ञ आणि मधोमध एक डॉक्टरीणबाई, चष्मा डोक्यावर सारलेला. पिक्सेलनं पत्र दाखवलं, पडद्यावर साइट दाखवली. तिघांनी माना डोलावल्या.

"एक तृतीयांश म्हणजे खूपच झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्ही एवढं डोकं आपटतो, आमचे दहातले दोन कमी होत नाहीत. हे नेमकं कशामुळे झालं असेल?"

"अक्षरं मोठी ठेवली," पिक्सेल म्हणाली. उत्तर घोटलेलं होतं. "रंग मोजके. आणि फोनचं बटण अंगठ्याखाली येईल असं."

"हो का? बघू." बाईंनी स्वतःचा मोबाइल काढला, साइट उघडली आणि चष्मा खाली ओढला. "हे हिरवं ना?" त्यांचं बोट बटणावर गेलं.

"दाबू नका!"

तिघंही दचकले. हिशेबवाल्यांचं पेन टेबलाखाली गेलं.

"का?"

"तो फोन माझ्या आईला लागतो," पिक्सेल म्हणाली.

मग सांगितलं सगळं. कच्चा आराखडा, तपासणीचा मोबाइल, म्हातारे, वही, सकाळचे आठवणीचे फोन. ती खरं बोलत होती, पण आता सापडणारच म्हणून बोलत होती, आणि हे तिचं तिला कळत होतं. बोट अर्धा इंच वर राहिलं असतं तर ती मोठ्या अक्षरांचे गोडवे गाऊन, हात जोडून बाहेर पडली असती. खरं बोलल्याचं समाधानसुद्धा तिला मिळालं नाही.

"मग नोकरी आईंनाच द्यायला हवी," तंत्रज्ञ म्हणाला आणि एकटाच हसला.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार. नंबर बदललात?"

"नाही."

"का?"

पिक्सेलनं टेबलावरच्या पत्राची घडी घातली. बाईंनी मोबाइल उलटा ठेवला. "या कामात आम्हाला असं माणूस हवंय की रुग्ण कुठं अडखळतो ते दिसलं की ज्याला चैन पडणार नाही. तुम्हाला तीन दिवस चैन पडली." मग जरा नरम होऊन म्हणाल्या, "आधी तो नंबर बदला. मग मला फोन करा. मी पाचपर्यंत आहे."

पिक्सेल बसनं थेट आईकडे गेली. आईनं दार उघडलं, तिचं तोंड बघितलं आणि काही न विचारता टेबलावरची वही बाजूला सारून लॅपटॉपला जागा करून दिली.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या आणि पाचची मुदत, हे तिनं दोन वाक्यांत सांगितलं. केंद्राला फोन तिनं आईच्याच फोनवरून केला. तिथल्या बाईंना सगळं सांगताना तिची मान छातीला टेकली होती. "आम्हाला वाटायचं, ती तुमच्या कंपनीनं ठेवलेली बाई आहे," त्या म्हणाल्या. "आमचे पेशंट म्हणतात, फोनवरच्या बाईंचं सगळं कळतं, तुमचं काही कळत नाही." रागावल्या त्या, रागवायलाच हवं होतं. मग म्हणाल्या, "बदला लगेच."

साइटचे पासवर्ड पिक्सेलला अजून ठाऊक होते. बटणामागची ओळ उघडली. तिथं आईचा नंबर होता, सात वर्षांपूर्वी बोटांनी आपोआप टाइप केलेला. तिनं तो खोडला.

"केंद्राचा सांग," ती म्हणाली.

आईनं सांगितला. वहीत न बघता, दोन-दोन आकडे करून, मधे श्वासभर थांबून. पिक्सेलनं परत म्हणून दाखवला. मग मोबाइलवर साइट उघडून बटण दाबलं. या वेळी नाव आलं नाही, नुसता नंबर आला. दोघीही टेबलावरच्या फोनकडे बघत होत्या. तो वाजला नाही.

"लागला बरोबर," आई म्हणाली. फोनवर धूळ नव्हती, तरी तिनं पदरानं पुसला. सात वर्षांपूर्वी नकळत दिलेलं काम आज लेकीनं कळून काढून घेतलं होतं. पिक्सेलला साहेबाचं वाक्य आठवलं, खोट नाही गं तुझ्या कामात. ते आईला म्हणायची तिची छाती झाली नाही.

"पावणेपाच झालेत," आई म्हणाली. "त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दे. मी लावते."

"मी लावेन की मोबाइलवरून."

"दे म्हटलं ना."

आई खुर्चीवर ताठ बसली, पदर सारखा केला. आकडे फिरवले. पलीकडून आवाज आल्यावर म्हणाली, "नमस्कार. आपल्यासाठी फोन आहे." रिसीव्हर पिक्सेलच्या हातात दिला. "जोडलंय. बोला," ती म्हणाली, उठली आणि नियमाप्रमाणे बाजूला झाली. स्वयंपाकघरात नळ मोठ्यानं सुरू झाला.

"बदलला नंबर," पिक्सेल म्हणाली. "तीन दिवस आधी बदलायला हवा होता. मला माझं पत्र वाचवायचं होतं, म्हणून नाही बदलला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "सोमवारी या. आणखी बोलू. नक्की काही सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि आत्ता फोन कुणी लावला? शब्द न् शब्द कळला मला."

"माझी आई," पिक्सेल म्हणाली. "ते एक तृतीयांश तिचं होतं. माझं त्यात काही नव्हतं."

आत नळ केव्हाच बंद झाला होता.